४८१ पॉइंट, ऊसबिल आणि पप्पांची १ जून

गावाकडं गेले की कोणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, कॅनडाच्या पीआरला, म्हणजे तिथं कायम राहायच्या परवान्याला, एजंट कोण होता आणि किती घेतले, आणि मी म्हटलं की एजंट नव्हता, सगळं स्वतः भरलं, की समोरचा गालातल्या गालात हसतो, म्हणजे हिला नाव सांगायचं नाही असं त्यानं ठरवूनच टाकलेलं असतं. त्यामुळं एकदा सगळंच लिहून काढते, ज्याला घ्यायचं त्यानं घ्यावं.

मी सांगलीवाडीची, म्हणजे आयर्विन पुलाच्या पलीकडची. घरी ऊस आणि थोडी हळद. बीई शिवाजी विद्यापीठाच्या एका कॉलेजातून, एमटेक वालचंदला, मग दोन वर्षं कुपवाड एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत आणि त्यानंतर पुण्यात, गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत. कॅनडात नातेवाईक नाही, तिथलं शिक्षण नाही, जॉब ऑफर नाही. पीआर मिळाली ती एक्सप्रेस एंट्री या पॉइंटवर चालणाऱ्या पद्धतीतल्या फेडरल स्किल्ड वर्कर या योजनेतून, एकटीनं. आणि आधीच सांगते, यात कॅनडाचं काम फार कमी असतं हो. तिकडचा फॉर्म ऑनलाइन आहे, नियम वेबसाइटवर लिहिलेले आहेत, कोणी कुठं अडवत नाही. खरी धावपळ सगळी सांगली, कोल्हापूर आणि पुणे एवढ्यातच होते.

एक्सप्रेस एंट्री २०१५ पासून आहे. आधी १०० पैकी ६७ पॉइंट बसतात का बघायचं, बसले की पूलमध्ये, म्हणजे उमेदवारांच्या यादीत जायचं, आणि मग पूलमध्ये १२०० पैकी जो सीआरएस स्कोअर (क्रमवारीचे पॉइंट) असेल त्यावर सगळी मारामारी. त्या १२०० ला घाबरू नका, त्यातले ६०० एखाद्या प्रॉव्हिन्सनं, म्हणजे तिथल्या राज्यानं, नॉमिनेट केलं तर एकदम मिळतात, बाकीच्यांनी उरलेल्यातच भागवायचं. माझं गणित असं होतं की एकटी असल्यामुळं वयाचे ११० (२० ते २९ वयाला पूर्ण ११०, तीस वर्षं पूर्ण झाली की १०५, पुढं दरवर्षी पाच-सहा गळत जातात), मास्टर्सचे १३५, इंग्लिशचे १३६, मास्टर्स आणि चांगलं इंग्लिश मिळून ५०, आणि तीन वर्षांच्या वर अनुभव आणि चांगलं इंग्लिश मिळून आणखी ५०. झाले ४८१. यापुढं एक पॉइंट वाढवायला माझ्याकडं जागा नव्हती, फ्रेंच येत नव्हतं.

पण हे ४८१ पहिल्या फटक्यात आले नाहीत. आयल्ट्सला, म्हणजे इंग्लिशच्या परीक्षेला, बाकी तीन मोड्यूल छान गेली आणि रायटिंगला साडेसहा. घरी सांगितलं तर पप्पा म्हणाले अर्ध्यानं काय होतंय. अर्ध्यानं काय होतंय ते असं, की सगळ्या चारही मोड्यूलला सीएलबी (कॅनडाची भाषेची लेव्हल) ९ लागतं, म्हणजे लिसनिंग ८ आणि बाकी तिन्ही ७, आणि एक जरी खाली आलं तरी ते दोन पन्नास आहेत ना, त्यांचे पंचवीस-पंचवीस होतात. रायटिंगचे स्वतःचे गेलेले वेगळेच. एका रायटिंगपायी माझा स्कोअर ४२० दाखवत होता. इंग्लिश वाईट म्हणून मार्क गेले असं नव्हतं, निबंध लिहायची त्यांची एक ठरलेली पद्धत असते, आधी मत, मग कारण, मग उदाहरण, आणि आपल्याला लहानपणापासून सवय काय तर निबंधाची सुरुवात सुविचारानं करायची. पंधरा-सोळा हजार परत भरले, दोन महिने रोज ऑफिस सुटल्यावर एक निबंध एक पत्र, आणि पुढच्या वेळी रायटिंग साडेसात, लिसनिंग साडेआठ, रीडिंग आठ, स्पीकिंग साडेसात. हे आकडे लक्षात ठेवा, सीएलबी १० म्हणजे एवढे, त्याच्यावर नऊ मिळवले तरी सीआरएसमध्ये फरक पडत नाही. आणि आयल्ट्सचा फॉर्म भरताना जनरल ट्रेनिंग निवडा, ॲकॅडेमिक देऊन बसलेली माणसं मी बघितली आहेत.

आता कागद. डिग्रीचं मूल्यांकन, म्हणजे ईसीए, मी वेस या संस्थेकडून केलं. त्यांना विद्यापीठाकडून सहीशिक्क्याची ट्रान्सक्रिप्ट लागते, आपल्या रेफरन्स नंबरसकट, आपण घरून स्कॅन करून पाठवलं तर चालत नाही. आणि माझ्या बीईच्या मार्कशीट कुठं होत्या तर घरच्या लोखंडी पेटीत, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती पेटी पाण्यात होती. त्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, धोक्याची पातळी ४५, सांगलीवाडीची काय अवस्था झाली असेल ते सांगायला नको. जनावरं सोडवायची का कागद काढायचे अशी वेळ होती आणि आमच्याकडं आधी जनावरं सोडवतात, बरोबरच आहे. लॅमिनेशन केलेल्या मार्कशीट वाचतील असं वाटत होतं तर उलट झालं, कडेनं पाणी आत शिरलं आणि शाई आतल्या आत पसरली, साध्या कागदाच्या निदान वाळवता आल्या. दोन सेमिस्टरच्या तर वाचताच येत नव्हत्या. त्यामुळं ट्रान्सक्रिप्टच्या आधी डुप्लिकेट मार्कशीट, त्याच्यासाठी अर्ज, प्रतिज्ञापत्र, चलन. कोल्हापूरला विद्यापीठात परीक्षा विभागात जाऊन उभं राहिलं की काम कळतं, कुठल्या खिडकीला काय. तिथल्या एका मॅडमनी पुराचं ऐकल्यावर स्वतःहून सांगितलं की बाळ, सगळ्या सेमिस्टरच्या एकदमच काढून ठेव, परत परत येऊ नको. एमटेकचे कागद वालचंदमधून निघाले, ते ऑटोनॉमस आहे, फक्त डिग्री सर्टिफिकेट विद्यापीठाचं. ईसीए रिपोर्ट पाच वर्षं चालतो आणि आयल्ट्स दोनच वर्षं, म्हणून ज्याला अजून नक्की ठरवता येत नाही त्यानं ईसीएपासून सुरू करावं, परीक्षा नंतर द्यावी.

अनुभवपत्र हा दुसरा डोंगर. आपल्याकडं एक्सपिरियन्स लेटर म्हणजे अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत होती, वागणूक चांगली, पुढील वाटचालीस शुभेच्छा. त्यांना त्यात पद, आठवड्याचे तास, पगार, आणि नेमकं काय काय काम करत होता हे सगळं लेटरहेडवर पाहिजे. पुण्यातल्या कंपनीच्या एचआरनं तोंड वाकडं केलं, आमचा फॉरमॅट ठरलेला आहे म्हणे, त्यात ड्यूटीज बसत नाहीत. पुष्कळ मेलामेली झाली, शेवटी माझ्या मॅनेजरनं कंपनीच्या लेटरहेडवर सही केली आणि एचआरचं साधं पत्र, ऑफर लेटर, पगाराच्या स्लिप, फॉर्म १६ असं सगळं त्याला जोडलं. कुपवाडच्या मालकांकडं गेले तर ते म्हणाले, "तू काय करत होतीस ते तूच लिहून आण की गं, मी सही ठोकतो, तुला काय नाय म्हणायचंय." चहा पाजला वर. फक्त एक सांभाळा, कॅनडाच्या एनओसी कोडखाली (प्रत्येक प्रकारच्या नोकरीला त्यांनी दिलेला नंबर) जी कामं लिहिलेली असतात ती जशीच्या तशी उतरवून पत्रात टाकू नका, ऑफिसरला ते लगेच कळतं. तुमचं काम तुमच्या शब्दांत लिहा. हे कोड २०२२ च्या नोव्हेंबरात बदलले, माझा २१७३ होता तो २१२३१ झाला, त्यामुळं जुन्या लोकांचं बघून कोड टाकू नका.

एजंटचं आत्ताच सांगून टाकते. सुरुवातीला दादानं हौसेनं विश्रामबागेतल्या एका ऑफिसात नेलेलं. एसी, काचेचं टेबल, भिंतीवर मेपलचं पान. अडीच लाख, त्यातले लाख आधी, आणि शंभर टक्के काम. मी विचारलं तुमचा आरसीआयसी नंबर, म्हणजे कॅनडाचा कन्सल्टंट म्हणून नोंदणीचा नंबर, काय, तर ते म्हणाले आमचे दिल्लीचे पार्टनर आहेत. पैसे घेऊन तुमच्या वतीनं अर्ज करायचा हक्क तिथल्या वकिलांना किंवा कन्सल्टंटची नोंद ठेवणाऱ्या तिथल्या संस्थेकडं (तिला कॉलेज म्हणतात) नोंद असलेल्या कन्सल्टंटलाच असतो, आणि ती नोंद ऑनलाइन नावानिशी तपासता येते, दोन मिनिटांचं काम आहे. पण मला खरं बाहेर काढलं ते पुढच्या वाक्यानं. "खात्यात पैसे नसले तर सहा महिने आम्ही ठेवतो, महिना दोन टक्के." खोटं सापडलं तर पाच वर्षं अर्जच करता येत नाही, हे त्यांना माहीत नसेल असं नाही, पण ती पाच वर्षं त्यांची थोडीच जाणार होती. दादा बाहेर आल्यावर म्हणाला, "चहा तरी बरा होता."

तर नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रोफाइल टाकली आणि बसले बघत. तेव्हा कटऑफ, म्हणजे अर्जाला बोलावण्यासाठी लागणारा कमीत कमी स्कोअर, ४९१ चालू होता. जानेवारीत ५०७, मग ४९०. आणि जूनमध्ये मला तीस वर्षं पूर्ण होणार होती, म्हणजे ४७६.

याच काळात घरी स्थळं. आत्यानं तर जाहीरच केलं की पोरगी तिकडं गेली की हातातून गेली, लग्न लावून पाठवा. आता हे घरच्यांना कसं समजवायचं की लग्न झालेला माणूस नवऱ्याला बरोबर घेऊन अर्ज करतो तेव्हा त्याचे स्वतःचे पॉइंट कमी होतात, वयाचे ११० चे १०० होतात, मास्टर्सचे १३५ चे १२६, आणि ते नवऱ्याच्या शिक्षणातून आणि त्याच्या आयल्ट्समधून भरून काढावे लागतात, तेही पूर्ण भरतील असं नाही. आई म्हणाली म्हणजे मुलाला बघायला आल्यावर त्याचं इंग्लिश विचारायचं का. मी म्हटलं हो, लिसनिंग किती, रायटिंग किती. एक स्थळ खरंच चांगलं होतं, इस्लामपूरकडचं, मुलगा समजूतदार, तो म्हणाला कोर्टात आत्ता करून ठेवू आणि कळवायचं नाही, नंतर बघू. हे मात्र कोणीही करू नका. अर्ज चालू असताना लग्न झालं तर ते कळवावंच लागतं, आणि नाही कळवलं तर पुढं त्याच नवऱ्याला किंवा बायकोला स्पॉन्सर करायचा रस्ता बंद होऊ शकतो, आपण तिकडं आणि नवरा इकडं. साखरपुड्याला काही अडचण नाही, ते त्यांच्या हिशोबात लग्न धरत नाहीत. पण आमच्या आत्याला साखरपुडा करून दोन वर्षं थांबणं हे लग्न मोडल्यासारखंच वाटतं, त्यामुळं ते राहिलं.

मार्च २०२३ मध्ये लागोपाठ तीन आठवडे ड्रॉ (पूलमधून वरच्या स्कोअरवाल्यांना बोलावणं) झाले, प्रत्येक वेळी ७,००० जणांना बोलावलं. १५ तारखेला ४९०, २३ ला ४८४, आणि २९ ला ४८१. बरोब्बर ४८१. तेवढाच स्कोअर असलेले खूप असतात तेव्हा ज्याची प्रोफाइल आधी टाकलेली तो आधी घेतात, आणि माझी नोव्हेंबरची होती. आपल्याकडं रात्र झालेली, मी पुण्यात रूमवर, मैत्रिणीला उठवलं. आणि नंतर एप्रिलमध्ये तोच आकडा ४८६ वर गेला, जनरल ड्रॉमध्ये त्यानंतर तो इतका खाली परत आलेला नाही. हुशारी-बिशारी काय नाही यात, आयल्ट्स दुसऱ्यांदा दिलं आणि प्रोफाइल वेळेत टाकली एवढंच माझ्या हातात होतं.

इन्व्हिटेशन आलं की पूर्ण अर्ज भरायला ६० दिवस. आणि मग आला सगळ्यात मोठा विषय, पैसे. जॉब ऑफर नसेल तर एकट्या माणसाला तेव्हा १३,३१० कॅनेडियन डॉलर दाखवावे लागायचे (हा आकडा दरवर्षी वाढतो, आता जास्त आहे), म्हणजे त्या वेळच्या दरानं आठ लाखाच्या वर. माझ्याकडं बचतीचे साडेचार. बाकीचे पप्पा देणार होते आणि पप्पांच्या दृष्टीनं त्यात काही प्रश्नच नव्हता, दोन एकर बागायत आहे, आईच्या पाटल्या आहेत, गोठ्यात जनावरं आहेत, आणि हे लोक विचारतात पैसे आहेत का. "त्यांना म्हणावं या की बघायला." पण शेत चालत नाही, सोनं चालत नाही, घर चालत नाही. खात्यातली रोकड आणि मोडता येणारी एफडी, एवढंच धरतात. आणि बँकेच्या पत्रात आजची शिल्लक आणि मागच्या सहा महिन्यांची सरासरी दोन्ही पाहिजे.

आता शेतकऱ्याच्या खात्यात सहा महिन्यांची सरासरी कशी असणार. ऊसबिल हप्त्यानं येतं, आलं की सोसायटीचं कर्ज वळतं होतं, उरलेलं खतवाल्याला. कायद्यानं ऊस गेल्यावर १४ दिवसांत पैसे मिळायला पाहिजेत, कायद्यानं. हळदीचे पैसे तर एकरकमीच, सौदा झाला की. माझं इन्व्हिटेशन मार्चअखेर आलं आणि आमची हळद तेव्हा शिजवून पॉलिश होऊन बसलेली. पप्पांचा बेत पावसाळ्यापर्यंत थांबायचा होता, पण माझ्या तारखेपायी एप्रिलमध्येच मार्केट यार्डात काढली. त्या वर्षी जून उलटल्यावर हळदीचा दर कुठल्या कुठं गेला, ते सांगलीतल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. पप्पा आजही फोनवर विषय निघाला की म्हणतात, "तुझ्या कॅनडानं माझी हळद खाल्ली."

तर ते पैसे माझ्या खात्यात आले आणि ते एकदम आलेले दिसतात, म्हणून त्याची पूर्ण साखळी जोडली. पप्पांनी दिलेलं गिफ्ट डीड, नोटरी केलेलं, त्यात हे पैसे परत करायचे नाहीत असं स्पष्ट. पप्पांच्या खात्याचं स्टेटमेंट. हळदीची अडत्याकडची पट्टी. ऊसबिलाच्या पावत्या. सातबारा, म्हणजे हळद आभाळातून पडली नाही हे कळायला. पट्टी आणि सातबारा मराठीत, म्हणून त्यांचं इंग्लिश भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्याचं ॲफिडेव्हिट, घरच्या माणसानं केलेलं भाषांतर चालत नाही, मी विजयनगरला कोर्टाजवळ एकाकडून करून घेतलं. त्यानं आधी 'हमाली, तोलाई' याचं काय करायचं म्हणून मला विचारलं, मी म्हटलं लोडिंग आणि वेइंग लिहा आणि सोडून द्या. आणि या सगळ्याच्या वर माझं एक पानाचं पत्र, कुठून किती कधी आले. माझ्या बँकेत ते सहा महिन्यांच्या सरासरीचं पत्र मागितलं तर ऑफिसर म्हणाला असलं लेटर आमच्या सिस्टिममध्ये नाही, मी कॅनडाच्या वेबसाइटवरचं पान प्रिंट काढून त्याच्यासमोर ठेवलं, खाते कधी उघडलं, कर्ज किती, शिल्लक किती, सरासरी किती, शाखेचा पत्ता फोन, ओळीनं. मग तो हेड ऑफिसला विचारून हो म्हणाला. हे पत्र मागायला शेवटच्या आठवड्यात जाऊ नका. मला विचाराल तर अख्ख्या प्रकरणात सगळ्यात जास्त वेळ या एका पत्रानं खाल्ला.

मग फॉर्म. त्यात मागच्या दहा वर्षांचा हिशोब द्यायचा, एक महिना मोकळा सोडायचा नाही. माझं २०१४-१५ चं एक वर्ष एमपीएससीत गेलेलं, क्लास, लायब्ररी, प्रीलिम्स, आणि त्याचा कुठलाही कागद नाही. मैत्रीण म्हणाली एखाद्या कंपनीचं नाव टाक. काही गरज नाही त्याची, बेरोजगार म्हणून टाकलं, खाली स्पर्धा परीक्षेची तयारी लिहिलं, कोणी एक प्रश्न विचारला नाही. परदेशात कुठं सलग सहा महिने राहिला असाल तर तिथल्या पोलिसांचंही सर्टिफिकेट लागतं, मी ऑफिसच्या कामानं जर्मनीला होते पण तेवढे दिवस नाही, सुटले.

आणि आई-वडिलांच्या जन्मतारखा. पप्पांची १ जून. चुलत्यांची १ जून. आत्याची पण १ जून. गुरुजींनी शाळेत घालताना सगळ्यांना एकाच दिवशी जन्माला घातलेलं. पप्पा स्वतः म्हणतात मी पोळ्याच्या आसपासचा, थोरल्या म्हशीला रेडकू झालं त्या वर्षीचा. आईचं आणखी वेगळं, आधार कार्डावर सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, माझ्या पासपोर्टवर तिसरंच स्पेलिंग. यात खरं काय ते शोधत बसू नका, जो सरकारी कागद चालू आहे, आधार-पॅन, तो धरायचा आणि प्रत्येक फॉर्ममध्ये तेच स्पेलिंग, तीच तारीख लिहायची, आणि नाव दोन प्रकारे येत असेल तर दोन्ही नावं एकाच बाईची असं आईचं एक ॲफिडेव्हिट. मला वाटलं होतं की तिकडचा ऑफिसर म्हणेल या घरात सगळे एकाच दिवशी कसे जन्मले, पण भारतातले इतके अर्ज बघून त्यांनाही १ जून पाठ झाली असेल.

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट ऑफिसातून निघतं, मी मुंढव्याला जाऊन केलं, पत्ता सांगलीवाडीचा असल्यामुळं चौकशी गावात आली. चौकशीला आलेल्यांनी आईला विचारलं, जावई तिकडंच असतात का. मेडिकल कुठल्याही डॉक्टरकडं चालत नाही, त्यांच्या यादीतलाच लागतो, पुण्यात आहेत, छातीचा एक्सरे, रक्त, लघवी, झालं, रिपोर्ट ते परस्पर पाठवतात. फी तेव्हा ८५० डॉलर आणि राहण्याच्या हक्काची ५१५, शिवाय बायोमेट्रिकचे ८५. कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार आधी चालू करून ठेवा. बायोमेट्रिक पण पुण्यातच, हाताला मेंदी असेल तर ठसे नीट येत नाहीत, मामेबहिणीच्या लग्नात म्हणून मी मेंदी काढलीच नाही आणि त्यावरून पण लोकांनी काय काय अर्थ लावले.

मे २०२३ मध्ये सबमिट. त्यांचं म्हणणं साधारण सहा महिने. सप्टेंबर आला आणि १८ तारखेला तिथल्या पंतप्रधानांनी संसदेत भारतावर आरोप केले, आणि दोन्ही देशांचं जे बिनसलं ते तुम्हाला माहीतच आहे. ऑक्टोबरमध्ये कॅनडाचे ४१ अधिकारी भारतातून परत गेले, इमिग्रेशनचे इथं २७ लोक होते ते ५ वर आले. आमच्या घरी तोपर्यंत कॅनडाचं राजकारण कोणाला माहीत नव्हतं, आता दादा सकाळी पारावर बसून त्यावर भाषण द्यायला लागला. पप्पा म्हणाले, "भांडण मिटूस्तोवर थांब, हळद तर गेलीच आहे." माझं पोर्टल मात्र तसंच, मेडिकल पास झालेलं, एलिजिबिलिटी तपासणी चालू, बॅकग्राउंड चालू. काही काही आठवडे तारीख बदलायची आणि आत काहीच नसायचं. रोज बघायची सवय लागली होती, ती वाईट. तेवढ्या वेळात काय करता येतं तर तिकडच्या नोकऱ्या बघणं, गाडी चालवायला शिकणं आणि अनुभवपत्रात लिहिलेल्या कंपन्यांमध्ये फोन उचलणारा माणूस अजून आहे ना हे बघणं, कारण ते कधीकधी फोन करतात. कुपवाडच्या मालकांना मी सांगून ठेवलं होतं, ते म्हणाले, "इंग्लिशमध्ये बोलले तर ठेवून देईन हां."

जानेवारी २०२४ मध्ये पासपोर्ट मागवल्याचा मेल आला. आनंद झाला तो झालाच, पण व्हिसा हातात आल्यावर त्यावरची मुदत बघितली तर एप्रिल २०२४, कारण ती मेडिकलच्या तारखेवर असते आणि माझं मेडिकल मागच्या एप्रिलचं. आणि पुण्यातल्या कंपनीचा नोटीस पिरियड ९० दिवस. थोडे दिवस सुट्ट्यांत वळवले, थोड्याचे पैसे भरले. म्हणून मेडिकल अगदी पहिल्या दिवशी पळत जाऊन करायचं का, याचा ज्यानं त्यानं विचार करावा, तेव्हाही ते सबमिट करायच्या आधीच हवं होतं, आता परत तोच नियम झालाय.

मार्चमध्ये टोरंटोला उतरले. तिथं इमिग्रेशनच्या खोलीत बसवतात, ऑफिसर दोन-चार प्रश्न विचारते, गुन्हा बिन्हा केला नाहीये ना, पैसे किती आणलेत, पीआर कार्ड कुठल्या पत्त्यावर पाठवू, आणि सही. अंगावरच्या आणि बॅगेतल्या सोन्याची किमतीसकट यादी करून न्या आणि तिथं कस्टम्सला दाखवा, मागं राहिलेलं नंतर येणार असेल तर त्याचीही वेगळी यादी, म्हणजे पुढं आणताना ड्यूटीचा प्रश्न येत नाही. आईनं शेवटी पाटल्या दिल्याच होत्या, त्यामुळं हे कामाला आलं. दुसऱ्या दिवशी सिन नंबर (नोकरीसाठी लागणारा तिथला ओळख नंबर) काढला. आता इथल्याच किचनर शहरात असते, नोकरी लागायला वेळ लागला, तो एक वेगळाच विषय आहे. कार्ड पाच वर्षांचं, पाच वर्षांत ७३० दिवस इथं काढावे लागतात, त्यामुळं गणपतीला आणि लग्नाला यायला काही अडचण नाही, लोकांना वाटतं पीआर म्हणजे आता परत येता येत नाही.

आता जे नव्यानं विचारतायत त्यांना एवढंच की माझा ४८१ आज उपयोगाचा नाही. २५ मार्च २०२५ पासून जॉब ऑफरचे पॉइंटही काढून टाकले. ड्रॉ आता कॅटेगरीप्रमाणेही होतात, हेल्थकेअर, ट्रेड, फ्रेंच. फ्रेंचवाल्यांचा कटऑफ मार्च २०२५ मध्ये ३७९ होता, इंग्लिशवाले पाचशेच्या वर लटकलेले असताना. हे ऐकल्यावर माझ्या चुलत भावानं, वय सत्तावीस, लगेच फ्रेंचचा ऑनलाइन क्लास लावला आणि गेले दोन महिने घरात सगळ्यांना बोंझूर करतोय. फ्रेंच चांगलंच आहे, चारही मोड्यूलला लेव्हल ७ आणली तर ५० पॉइंट वेगळे मिळतात. पण तो काम करतो चुलत्यांच्या डेअरीवर, कॉम्प्युटरचं आणि मशीनचं सगळं तोच बघतो, आणि पगार मिळतो हातात, रोख, कधी पाच तारखेला कधी वीस. त्याला मी सांगितलंय, क्लास चालू ठेव, पण आधी काकांना सांगून अपॉइंटमेंट लेटर घे, पगार बँकेत घ्यायला लाग आणि रिटर्न भर. काका म्हणतात घरच्या पोराला कसलं लेटर.